ती थुंकायला शिकली त्या रात्री

आमच्या घरी जेवण झालं की ताट धुवायचं नसे, प्यायचं असे. शेवटचा घास संपला की त्याच ताटात तांब्यातलं थोडं पाणी ओतायचं, बोट कडेकडेने फिरवायचं, चिकटलेली शितं, आमटीचा ओघळ, सगळं त्या पाण्यात घ्यायचं आणि ताट तोंडाला लावायचं. वडील असंच करायचे, आई असंच करायची, म्हणून आम्ही तिघी बहिणीही. यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. कॉलेजच्या मेसमध्ये मी पहिल्यांदा ताट उचलून प्यायले आणि समोरची मुलगी जेवायची थांबली, तेव्हा कळलं की सगळे असं करत नाहीत.

आमच्या घोटीला तांदळाच्या गिरण्या आहेत. वडील त्यातल्या एकीत पोती उचलायचे. दिवसभर पाठीवर तांदूळ आणि रात्री ताटात कणी. कणी म्हणजे गिरणीत तुटून चाळणीखाली पडलेला तांदूळ. आई ती कितीही पाखडायची, तरी खडे राहायचेच. एकदा दाताखाली खडा आला म्हणून मी अख्खा घास जमिनीवर थुंकले. आई ओरडली नाही, मारलंही नाही. खाली वाकून तिने तो घास गोळा केला, त्यातला खडा बोटांनी शोधून बाजूला काढला आणि म्हणाली, "खडा थुंकायचा असतो. घास नाय." आणि तो घास तिने स्वतःच्या तोंडात टाकला. त्यानंतर कितीतरी वर्षं तोंडात गेलेलं काही मी बाहेर काढलं नाही. औषधसुद्धा नाही.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढे वाईन येणार आहे आणि वाईन म्हटलं की लोक भलतंच समजतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आधी बी.कॉम., मग नोकरी करत एम.कॉम. नाशकात द्वारकेला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते. जवळच काठे गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली, ओटा आणि मोरी एवढी जागा आहे, तिथे मी आणि माझी मैत्रीण राहायचो. मैत्रीण सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. कॉलेजच्या होस्टेलपासूनची. वडिलांचा द्राक्षाचा बाग. तिच्या घरातही शिकलेली ती पहिलीच. बी.एस्सी. झाली, दोन वर्षं एका लॅबमध्ये बाटल्या धुतल्या आणि मग गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत तिला शिकाऊ म्हणून घेतलं. काम काय, तर येणाऱ्या पाहुण्यांना वाईन चाखायला द्यायची आणि तिची माहिती सांगायची. शिकवणी संपली की परीक्षा, परीक्षेत पास झाली तर नोकरी. नाही झाली तर गावी परत. गावी तिच्या चुलत्यांनी एक स्थळ आधीच बघून ठेवलेलं होतं.

चुलत्यांनी या नोकरीवरून बराच तमाशा केला होता. पोरगी दारूच्या कारखान्यात जाणार म्हणून. तिचे वडील, त्यांना आम्ही सगळ्या नाना म्हणतो, भावांपुढे उभे राहिले. "मी द्राक्षं पिकवू शकतो, तर माझी पोरगी त्याची वाईन विकू शकते," असं म्हणाले. पण तिला एकटीला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "ईकशील, पण पिशील नको." तिने डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. स्वतःच्या नाही, नानांच्या डोक्यावर. म्हणजे मोडायची सोयच नाही.

तो शनिवार होता. मला शनिवारची संध्याकाळ फार आवडते. ऑफिसातून आले, डोक्यावरून न्हाले, मुगाची खिचडी टाकली. गॅलरीचं दार उघडं ठेवून पंख्याखाली केस वाळवत पडायचं, मोबाईलवर काहीतरी बिनडोक बघायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, एवढाच बेत होता. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि मैत्रिणीचा फोन आला. उचलला तर पुरुषाचा आवाज.

"ताई, मी रिक्षावाला बोलतोय. तुमची मैत्रीण माझ्या रिक्षातून उतरत नाहीये."

"उतरत नाहीये म्हणजे?"

"म्हणतात, रिक्षा फार छान आहे. इथंच राहते म्हणतात."

मी ओल्या केसांनी तशीच खाली पळाले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी. आत ही बसलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, एखादी म्हातारी एसटीत बसते तशी. मला बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मला आधी हसू आलं आणि मग वास आला.

"तू प्यायलीस?"

"माले काय व्हयनं नही वं," ती म्हणाली. एरवी माझ्याशी ती शुद्ध मराठीत बोलते. अहिराणी सुरू झाली म्हणजे प्रकरण पुढे गेलं होतं. "फक्त ही जमीन हालस."

रिक्षावाला भला माणूस. तो म्हणाला, "घरी न्या ताई, पोरगी रडत होती मघाशी."

आता घरी न्यायचं म्हणजे घरमालकीणकाकूंसमोरून न्यायचं. काकूंचं घर भिक्षुकीचं. त्यांचे यजमान गेले, पण मुलगा अजून रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतो. आमच्या खोलीत अंडंसुद्धा चालत नाही, हे भाडं ठरतानाच सांगितलेलं. आणि संध्याकाळी काकू कुठे बसतात, तर बरोबर जिन्याच्या पायाशी, खुर्ची टाकून, वाती वळत.

मी मैत्रिणीच्या कानात म्हटलं, "काकू आहेत. सरळ चाल. बोलू नको. नमस्कार करून वर."

तिने तेवढंच ऐकलं, नमस्कार. काकूंसमोर जाऊन ती वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. उठेचना. काकूंच्या हातातली वात तशीच राहिली.

"अगं, काय झालं हिला?"

"ऊन लागलंय काकू."

"संध्याकाळी?"

"दुपारचं लागलंय. आत्ता चढलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली त्या डोक्याकडे बघितलं. "सुखी राहा," त्या म्हणाल्या, "आता ऊठ हो बाळा."

वर पोचायच्या आधीच तिला उमासे यायला लागले. मोरीत नेऊन बसवली, तिची वेणी माझ्या हाताभोवती गुंडाळून धरली आणि पाठ चोळत उभी राहिले. बाहेर कुकर शिट्ट्या मारत होता, तो बंद करायला हात रिकामा नव्हता. त्यातच तिचा फोन वाजला. नाना. रोज जेवायच्या वेळेला त्यांचा फोन येतो. नाही उचलला तर पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि मग ते माझ्या फोनवर करतात. मी उचलला.

"बेटा, काय करी राहिनी ती?"

"अंघोळीला गेलीये नाना."

तेवढ्यात मोरीतून जो आवाज यायचा तो आला.

"ते काय वाजनं?"

"कुकर, नाना."

"सोमवारी परीक्षा शे ना तिची. तिला म्हणा, घाबरू नको. मी इकडं समद्यांना सांगेल शे, पोरगी पास होणार." मग म्हणाले, "आनि तो कुकर बघा बेटा. बिघडेल वाटतो."

फोन ठेवला तर ही मोरीच्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडत होती. नानांचा आवाज तिने ऐकला होता.

तोंड धुवून, लिंबूपाणी पाजून, भिंतीला टेकवून बसवली, तेव्हा कुठे एकेक गोष्ट बाहेर आली. त्या दिवशी शिकाऊ मुलामुलींना पहिल्यांदाच ओळीने सगळ्या वाईन चाखायला दिल्या होत्या. आधी पांढऱ्या, मग गुलाबी, मग लाल. शिकवणाऱ्या मॅडमनी दाखवलं. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात घ्यायचा, जिभेवरून गालांत फिरवायचा आणि शेजारच्या बादलीत थुंकायचा. दिवसभर हेच काम असतं, गिळत गेलं तर माणूस दुपारपर्यंत आडवा होईल, म्हणून थुंकायचं. जगात सगळीकडे असंच करतात.

"मग तू का नाही थुंकलीस?"

"बादलीत वं!" ती एकदम ताठ झाली. "स्टीलची बादली. तशा बादलीत आमच्याकडं दूध काढतात. आणि त्यात थुंकायचं? वाईन? माहितीये तुला, द्राक्ष कसं येतं? छाटणीपासून काढणीपर्यंत मना बाप रात्री झोपत नाही. जरा आभाळ आलं की बाहेर खाट टाकून आभाळाकडे बघत बसतो. आणि ते मी बादलीत थुंकू?"

"मग?"

"मग गिळली."

"सगळी?"

"सगळी. मॅडम म्हणाल्या, पुन्हा करून दाखव. मी पुन्हा गिळली. शेजारच्या मुलीचा ग्लास अर्धा राहिला होता, ती ओतून द्यायला निघाली…"

"तो पण प्यायलीस?"

तिने मान डोलावली. मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. मग तीही रडता रडता हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. कारण मॅडमनी तिला रिक्षात बसवताना नीट समजावून सांगितलं होतं, रागावून नाही. "तुझं नाक चांगलं आहे. पण सोमवारी मला थुंकून दाखव. नाही जमलं तर तुला ठेवणं तुझ्याच जिवाला वाईट आहे, मी ठेवणार नाही." आणि नानांना दिलेला शब्दही गेला होता. म्हणजे शब्द पाळायचा तर थुंकलं पाहिजे, आणि थुंकायला तर तिचं तोंडच तयार नाही.

मी म्हटलं, "एवढंच ना? शिकू. आपण काय काय शिकलोय."

एका घोट पाण्याने सुरुवात केली. पाणी तिने मोरीत झकास थुंकलं. मग मी फ्रीजमधलं ताक आणलं. ताक तोंडात घेतलं, गालांत फिरवलं, मी म्हटलं "टाक!" आणि तिने गिळलं. पुन्हा. गिळलं. "अगं, विचारच करू नको," मी म्हटलं. गिळलं. कोकम सरबत करून बघितलं, तेही गेलं. मला राग आला. मी म्हटलं, बघ, असं थुंकायचं, आणि स्वतः एक मोठा घोट ताक तोंडात घेतला, मोरीपाशी वाकले, आणि… गिळलं. माझ्या घशाने मला विचारलंसुद्धा नाही.

"एम.कॉम. ना तू?" ती म्हणाली.

आम्ही दोघी मोरीच्या उंबऱ्यावर पोट धरून बसलो. दार वाजलं. काकू. हातात वाटीभर दही आणि दोन लिंबं. आत न येता दारातूनच वाटी माझ्या हातात दिली.

"आमचे हे," काकू म्हणाल्या, "आयुष्यभर संध्या चुकली नाही त्यांची. पण लग्नसराई संपली की त्यांनाही एखाद्या वर्षी असंच ऊन लागायचं." आणि जिना उतरून गेल्या. मधल्या पायरीवरून पुन्हा म्हणाल्या, "अंडं मात्र चालणार नाही हं."

खिचडी खाली थोडी लागली होती, पण दह्याबरोबर गेली. मैत्रिणीचं डोकं आता जागेवर येत होतं, जीभ मात्र अजून सैल होती. ती मला द्राक्षबागेचं सांगत बसली. माझ्या केसांचा गुंता काढत होती आणि माझ्याच केसांवर मला थिनिंग शिकवत होती. घडातले मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की कात्री घेऊन विरळणी करायची, त्याला शेतात सगळे थिनिंगच म्हणतात. "हा असा घड धरायचा. हा मणी काढ, हा ठेव, हा काढ, हा पण काढ. दया करायची नाही. लहानपणी मी फार जपून काढायची, तर नाना मागून येऊन म्हणायचे, अजून काढ. दाटी झाली तर एकही मणी फुगणार नही."

मी सहज विचारलं, "मग ते काढलेले मणी कुठे जातात?"

"कुठं जाणार? खाली. वेलीखाली सडाच पडतो. हिरवा नुसता. त्यावरून चालतो आपण."

"आणि वाईट नाही वाटत?"

"नही. कामच शे ते. नाही टाकले तर…"

तिचा हात माझ्या केसांत थांबला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळाने ती उठली, कोकमचा पेला घेतला, मोरीपाशी गेली. घोट घेतला. डावीकडे, उजवीकडे, जिभेखाली. मला वाटलं, आता गिळणार. आणि तिने तो असा जोरात उडवला की मोरी सोडून समोरची भिंत, आरसा आणि वाळत घातलेला माझा पांढरा कुर्ता, तिन्हींवर लाल शिंतोडे.

"काढला," ती म्हणाली.

मग आम्ही कोकमची बाटली संपेपर्यंत तेच केलं. मीही केलं. मला तिसऱ्या वेळी जमलं आणि आईने जमिनीवरून उचललेला तो घास आठवला, ते मी तिला सांगितलं नाही. तिची धार हळूहळू सरळ झाली. शेवटी तर ती दोन फुटांवरून मोरीच्या जाळीत नेम धरत होती आणि मला चिडवत होती, "ए ट्रान्सपोर्ट, तुझा माल रस्त्यातच सांडतोय!"

रविवारी तिचं डोकं दिवसभर ठणकत होतं. दुपारी तिने नानांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं होतं, नको सांगू, कुकरवर निभावलंय. तिने ऐकलं नाही. स्पीकर लावला नव्हता, त्यामुळे पलीकडचं मला कळलं नाही. ही नुसती "हां", "हां नाना", "नही, आता नही" म्हणत होती. शेवटी गालातल्या गालात हसली.

"काय म्हणाले?"

"म्हणे, समदी चाखली ना, मग चांगली कोनती ते तरी सांग."

सोमवारी मी ऑफिसात होते पण माझं एक खातं धड जुळत नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. एका दमात सांगत होती. पहिला घोट बादलीच्या काठावर आपटला आणि थोडा मॅडमच्या चपलेवर गेला. मॅडम म्हणाल्या, "चपलेची काळजी नको, पुढचा घे." दुसरा आत गेला. मग सगळेच आत गेले. एका पांढऱ्या वाईनला कसला वास येतो विचारलं तेव्हा बाकीच्यांनी कार्डावर छापलेली फळं सांगितली. ही म्हणाली, पेरूचा. पिकायला आलेल्या, पण अजून कडक असलेल्या पेरूचा. मॅडमनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला आणि मान हलवली.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"जागेवर शे. एक थेंब गिळला नाही."

फोन ठेवल्यावर मी डबा उघडला, पण जेवले नाही, काही वेळ नुसती बसून राहिले. शेजारच्या टेबलवरचे साहेब म्हणाले, काय हो, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, बरंच वाटतंय.

संध्याकाळी घरी आले तर काकू खाली वाती वळत बसल्या होत्या. "तुझ्या मैत्रिणीचं ऊन उतरलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उतरलं, आणि परीक्षाही झाली. त्यांनी कसली परीक्षा ते विचारलं नाही. पास झाली की पेढे मात्र हवेत, एवढं म्हणाल्या.

ती पास झाली. त्याच महिन्यात तिला कायमच्या नोकरीचं पत्र मिळालं. आता त्या वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखायला देणाऱ्या विभागाचं काम तीच बघते आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींनाही तीच शिकवते. नानांना दिलेला शब्द तिने त्या शनिवारनंतर एकदाही मोडलेला नाही.